बांबूची प्रतिष्ठा : पन्नालाल घोष आणि मांडवाबाहेरची वाद्ये

आपल्या समाजात माणसाला जशी जात आहे तशी वाद्यालाही आहे. वीणा सरस्वतीच्या मांडीवर, पखवाज देवळाच्या सभामंडपात, सनई दाराशी आणि हलगी-डफडे वेशीबाहेर. ही मांडणी कोणी नादाचे गुण पारखून केलेली नाही. वाद्य कोणाच्या हातात आहे, ते तोंडाला लावावे लागते की मांडीवर घेता येते, वाजवणाऱ्याला बिदागी मिळते की बलुते, यावरून ती ठरलेली आहे. कातडे पखवाजालाही असतेच. पण तिथे कातडे कमावणारा वेगळा आणि वाजवणारा वेगळा. हलगीच्या बाबतीत हे दोन्ही हात एकाच वस्तीतले, म्हणून हलगी अपवित्र ठरली.

संगीताचे जे इतिहास आपल्यापुढे ठेवले जातात त्यांत घराणी असतात, वंशावळी असतात, राजेरजवाड्यांनी दिलेल्या शालजोड्या असतात. वाद्याचा सामाजिक इतिहास मात्र त्यांत सापडत नाही. मी इतिहास शिकवतो, संगीत शिकवत नाही. तरीही हा प्रश्न मला इतिहासाचाच वाटतो. म्हणून या लेखात मी अशा एका वाद्याचा विचार करणार आहे, की ज्याची गोष्ट या उतरंडीत वेगळी घडली. ते वाद्य म्हणजे बासरी, आणि ती गोष्ट घडवणारा माणूस म्हणजे पन्नालाल घोष. १९११ ते १९६० असे अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे आयुष्य या माणसाला मिळाले. त्यातल्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने गुराख्याच्या हातातली पोकळ काठी हिंदुस्थानी रागसंगीताच्या बैठकीत मधोमध आणून बसवली. एखादे वाद्य वर कसे चढते हे समजले, तर बाकीची का चढली नाहीत हेही समजेल, अशी माझी धारणा आहे.

*

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. बासरी कृष्णाच्या हातात आहे, मग ती खालची कशी, असे कोणीही विचारील. परंतु पुराणातले स्थान आणि समाजातले स्थान या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. चोखोबांचे अभंग देवळात गायले गेले आणि चोखोबा पायरीपाशी राहिले. बासरीचेही काहीसे असेच झाले. चित्रात ती देवाच्या ओठांवर होती. प्रत्यक्षात ती गुराख्याकडे, मेंढपाळाकडे, जत्रेतल्या फेरीवाल्याकडे होती.

शिवाय बासरीचा इतिहास कृष्णापासून सुरू होत नाही. सांची आणि अमरावती येथील बौद्ध शिल्पांत आडवी बासरी वाजवणारी माणसे कोरलेली आहेत. आपल्या अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचा प्रसंग रंगवलेला आहे. त्यात नर्तकीभोवती वाद्ये घेऊन बसलेल्या स्त्रियांमध्ये बासरी वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. हे चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले जाते. वेणुगोपाळाच्या मूर्ती देवळादेवळांतून सर्रास दिसू लागतात त्या यानंतर काही शतकांनी. म्हणजे आपल्या लेण्यांतली बासरी त्या मूर्तींच्या आधीची आहे आणि ती स्त्रियांच्या हातात आहे. अजिंठा पाहायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण हे दाखवत नाही.

शास्त्रग्रंथांतही बासरीला जागा होती. भरताच्या नाट्यशास्त्रात वंश हे सुषिर वाद्यांतले प्रमुख वाद्य आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या वाद्याध्यायात बासरीच्या निरनिराळ्या मापांचे तपशीलवार वर्णन आहे. आजचा दौलताबाद तो हाच. मात्र पुढच्या काळात उत्तरेत दरबारी संगीताची जी घडण झाली तिच्या केंद्रस्थानी कंठसंगीत, बीन, रबाब आणि पुढे सतार-सरोद ही वाद्ये आली. धृपद आणि ख्याल यांची जी घराणी उभी राहिली त्यांत बासरीचे घराणे नव्हते. ती लोकगीतांत, जात्रांत, नाटकमंडळ्यांत राहिली. दक्षिणेत कुंभकोणमच्या शरभशास्त्री (१८७२-१९०४) या अंध वादकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला कर्नाटक संगीताच्या मैफलीत आणले. उत्तरेत मात्र तिला आणखी तीस-चाळीस वर्षे थांबावे लागले.

*

पन्नालाल घोष यांचा जन्म जुलै १९११ मध्ये पूर्व बंगालमधील बारिसाल येथे झाला. हा प्रदेश नद्यांचा; तो आता बांगलादेशात आहे. त्यांचे पाळण्यातले नाव अमलज्योती. आजोबा हरकुमार घोष धृपद गाणारे, वडील अक्षयकुमार सतार वाजवणारे, आई गाणारी. पहिले शिक्षण वडिलांकडे आणि तेही सतारीचे. ही माहिती चरित्रकार एका ओळीत सांगतात आणि पुढे जातात. आपण तिथे थांबले पाहिजे. बासरीला घराणे नव्हते. पण बासरीवाल्याला घर होते. सूर म्हणजे काय, राग म्हणजे काय, हे त्याला दुसऱ्याच्या दाराशी उभे राहून चोरून ऐकावे लागले नाही.

चरित्रकारांना त्याऐवजी दोन आख्यायिका फार प्रिय आहेत. एक अशी, की लहानपणी नदीत पोहताना पन्नालालना पाण्यावर तरंगत आलेली एक बासरी सापडली. दुसरी अशी, की एका साधूने त्यांच्या हातात बासरी दिली आणि संगीत हेच तुझे कल्याण करील असे सांगितले. या कथांवर हसण्याचे कारण नाही; त्यांचा अर्थ लावला पाहिजे. ज्या विद्येला वंशपरंपरा नाही तिला मान्यता मिळवून देण्यासाठी या समाजाला दैवी दाखला लागतो. सतारीच्या उस्तादाबद्दल अशी कथा कोणी रचत नाही, कारण त्याच्याकडे वडील-आजोबांची नावे असतात. बासरीवाल्याकडे ती नव्हती, म्हणून नदी आणि साधू आणावे लागले. आपल्या संतांच्या चरित्रांचेही असेच झाले आहे. श्रमाच्या जागी चमत्कार ठेवला, की श्रम करणाऱ्याचे देणे चुकवावे लागत नाही.

वस्तुस्थिती अधिक रोखठोक आहे. १९२८ च्या सुमारास हा तरुण व्यायामशाळेत जात होता, लाठी आणि मुष्टियुद्ध शिकत होता, स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढला गेला होता. पोलिसांची नजर वळली तेव्हा बारिसाल सोडून पोट भरण्यासाठी तो कलकत्त्याला आला. तिथे त्याला काम मिळाले ते मूकपटांना साथ करणाऱ्या वाद्यमेळात. पडद्यावर चित्र हलते आहे, खाली अंधारात वादक वाजवीत आहेत; बासरीला आधुनिक शहरात पहिली नोकरी मिळाली ती या अंधारात. पुढे बोलपट आले आणि पन्नालाल न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांच्या हाताखाली काम करू लागले.

बासरी शिकवणारा गुरू नव्हताच. म्हणून त्यांनी ज्यांच्याकडे राग होता त्यांच्याकडे धाव घेतली. त्यांचे पहिले उस्ताद खुशी महंमद खाँ हे अमृतसरचे, वाजवीत ते हार्मोनियम. इथे इतिहासाचा एक विनोद आहे. याच हार्मोनियमला १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने परकीय आणि बेसूर म्हणून बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत चालली. ज्या वाद्यातून पन्नालालना रागविद्या मिळाली ते वाद्य रेडिओच्या दाराबाहेर आणि त्याच काळात बासरी आत, असे ते दृश्य आहे. वाद्याची प्रतिष्ठा नादावर ठरत नाही, ती कचेरीतल्या हुकमानेही ठरते, याला आणखी वेगळा पुरावा कशाला हवा? खुशी महंमद यांच्यानंतर पन्नालालनी गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे गायकीचे शिक्षण घेतले. १९३८ मध्ये सराइकेलाच्या छाऊ नृत्यपथकाचे संगीत सांभाळण्यासाठी ते युरोपलाही जाऊन आले.

*

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पन्नालालनी केले काय?

आपल्या जत्रेत मिळते ती बासरी वीतभर-हातभर लांबीची. तिचा स्वर उंच आणि चिरका. धून वाजवायला ती उत्तम. पण रागाची आलापी सुरू होते ती खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकात, आणि तिथे या बासरीजवळ नादच नाही. ख्यालाची गंभीरता जिला पेलत नाही ती बासरी मैफलीत बसणार कशी? जाणकारांनी यावरून निष्कर्ष काढला, की हे वाद्यच हलके आहे. पन्नालालनी निष्कर्ष काढला, की ही नळी आखूड आहे. मला या दोन निष्कर्षांतला फरक फार मोलाचा वाटतो. एक निष्कर्ष जन्मावरून काढलेला आहे, दुसरा परिस्थितीवरून. एक माणसाला हात बांधून बसायला सांगतो, दुसरा हाताला काम देतो.

त्यांनी नळी लांब केली. अनेक मापे करून पाहिली, बांबूखेरीज दुसऱ्या पदार्थांच्या नळ्याही करून पाहिल्या आणि अखेर सुमारे बत्तीस इंच लांबीच्या बांबूच्या बासरीवर ते स्थिरावले. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु नळी लांब झाली की भोकांमधले अंतर वाढते आणि बोटे ताणावी लागतात; नळी रुंद झाली की फुंक अधिक लागते. शिवाय असा बांबूही सहज मिळत नाही. आपल्याकडची मानवेल भरीव, तिच्या सूप-टोपल्या होतील, काठ्या होतील, पण बासरी होणार नाही. बासरीला दोन पेरांमध्ये लांब अंतर असलेला, सरळ आणि पातळ भिंतीचा बांबू लागतो आणि तो आसामकडच्या रानातून येतो. ते रान तोडणाऱ्याचे आणि तो बांबू वाहून आणणाऱ्याचे नाव कोणत्याही ध्वनिमुद्रिकेवर नसते, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

दुसरी सुधारणा अधिक बुद्धीची. बासरीला फुंकीचे एक आणि बोटांची सहा भोके असतात. सहाही उघडी ठेवली की तीव्र मध्यम वाजतो. सहाही बंद केली की पंचम. म्हणजे सप्तकात शेजारी शेजारी असलेले हे दोन स्वर, पण बोटांच्या दृष्टीने दोन टोकांना. एकावरून दुसऱ्यावर सलग घसरत जायचे, म्हणजे मींड घ्यायची, तर ती तिथे तुटते. यमन किंवा पूरियासारख्या रागांत तर तीव्र मध्यमावाचून पाऊल टाकता येत नाही. पन्नालालनी नळीच्या खालच्या टोकाजवळ सातवे भोक पाडले, करंगळीने झाकता येईल असे. त्यामुळे मंद्र पंचमाच्याही खालचा तीव्र मध्यम हाती आला आणि तुटलेला सांधा जोडला गेला. एका भोकाने एवढे केले. ही कारागिराची बुद्धी आहे. लोहाराने भात्याला, कुंभाराने चाकाला, चांभाराने आरीला जी बुद्धी लावली तीच. फरक एवढाच, की पन्नालालची बुद्धी 'प्रतिभा' म्हणून नोंदली गेली आणि त्यांची 'सवय' म्हणून.

या लांब बासरीवर त्यांनी गायकी अंगाने ख्याल वाजवला: विलंबित आलापी, बोलांची जाणीव देणारी फुंक, तब्येतीने घेतलेली मींड. नूपुरध्वनी, चंद्रमौळी, दीपावली यांसारखे नवे रागही त्यांनी बांधले.

*

१९४० साली पन्नालाल मुंबईला आले आणि इथे त्यांचा आपल्या प्रदेशाशी संबंध जुळला. मुंबईने त्यांना दोन गोष्टी दिल्या, रोजगार आणि शिष्य. 'अनजान' (१९४१), 'बसंत' (१९४२) या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांना संगीतकार म्हणून त्यांचे नाव लागले. पत्नी पारुल घोष या पार्श्वगायनाच्या अगदी पहिल्या पिढीतल्या गायिका; संगीतकार अनिल विश्वास यांच्या त्या भगिनी. धाकटे बंधू निखिल घोष तबलावादक. त्यांनी १९५६ मध्ये मुंबईत संगीत महाभारती ही संस्था काढली. चित्रपटातल्या कामाला 'धंदा' म्हणून नाके मुरडणारे तेव्हाही होते. परंतु राजाश्रय संपत आलेल्या काळात, घराण्याचे पाठबळ नसलेल्या वाद्याला याच धंद्याने जगवले हे विसरून चालणार नाही. मूकपट, बोलपट, पुढे 'बसंत बहार' (१९५६) आणि 'मुगल-ए-आझम' (१९६०) या चित्रपटांतील त्यांची बासरी; तिकीट काढून थिएटरात बसलेल्या गिरणी कामगाराच्या कानावर ती पडली ती अशीच. त्याला मैफलीचे निमंत्रण कोणी दिले नव्हते.

एवढे नाव झाल्यावरही हा माणूस शिकत राहिला. १९४७ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी मैहरच्या अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. मुंबईत त्यांच्याकडे शिकणाऱ्यांत देवेंद्र मुर्डेश्वर होते. पुढे ते त्यांचे जावई झाले आणि सात भोकांच्या बासरीची परंपरा त्यांनी चालवली. पुण्याचे केशव गिंडे, मुंबईचे नित्यानंद हळदीपूर ही नावे त्याच शाखेवरची. दुसऱ्या बाजूला अलाहाबादच्या एका पहिलवानाचा मुलगा, हरिप्रसाद चौरसिया (जन्म १९३८), कटकच्या आकाशवाणीवर नोकरी करून मुंबईत आला आणि त्याने ही बासरी जगभर नेली. मुलगा मल्ल व्हावा अशी वडिलांची इच्छा, म्हणून त्याला गाणे चोरून शिकावे लागले. बासरीत घराण्याची भिंत नव्हती म्हणून पहिलवानाच्या मुलाला आत येता आले, हेही या इतिहासाचे फळ आहे.

१९५६ मध्ये पन्नालाल दिल्लीला गेले, आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक म्हणून. हा वाद्यवृंद १९५२ मध्ये स्थापन झाला होता आणि त्यांच्या आधी तो रविशंकर यांच्याकडे होता. अंधाऱ्या थिएटरात सुरू झालेली बासरी आता सरकारी वाद्यवृंदाच्या अग्रभागी उभी राहिली. त्यांच्या तेथील रचनांत दोन नावे माझे लक्ष वेधून घेतात: 'कलिंगविजय' आणि 'ज्योतिर्मय अमिताभ'. एक अशोकाची, एक बुद्धाची. तो काळच बुद्धाच्या स्मरणाचा होता. १९५६ मध्ये बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीचे सरकारी सोहळे दिल्लीत चालू होते आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेब लक्षावधी लोकांना घेऊन बुद्धाकडे गेले. या दोहोंचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. पण दिल्लीचा वाद्यवृंद आणि नागपूरचे मैदान यांत जे अंतर होते ते लक्षात ठेवावे असे मला वाटते. एका ठिकाणी बुद्ध हा सांस्कृतिक वारसा होता. दुसऱ्या ठिकाणी तो जगण्याचा मार्ग होता. २० एप्रिल १९६० रोजी दिल्लीतच पन्नालाल घोष यांचे निधन झाले.

*

आता मूळ प्रश्न. बासरी वर चढली ती कशामुळे?

मला चार कारणे दिसतात. पहिले, एका बुद्धिमान माणसाचे अपार कष्ट; ते मी कमी लेखत नाही. दुसरे, नवी माध्यमे: चित्रपट, रेडिओ, ध्वनिमुद्रिका. त्यांनी दरबाराची आणि घराण्याची मक्तेदारी काही अंशी मोडली. तिसरे, घरातली विद्या आणि बाहेरच्या गुरूंचे उघडे दार. खुशी महंमद, गिरिजाशंकर, अल्लाउद्दीन यांच्या बैठकीत या तरुणाला जाऊन बसता आले. आणि चौथे, ज्याविषयी कोणी बोलत नाही: बासरी कोणाचीही गावकी नव्हती. गुराखी ती आपल्या मौजेसाठी वाजवी. लग्नात, मर्तिकात, देवाच्या छबिन्यापुढे ती वाजवलीच पाहिजे असे बंधन कोणत्याही जातीवर नव्हते. ती गरिबाची होती, पण गुलामीची नव्हती. म्हणून ती उचलून आत नेताना कोणाला विटाळ झाला नाही.

याच्या शेजारी दुसरी सुषिर वाद्ये ठेवून पाहा. तामिळनाडूत नागस्वरम वाजवणारे इसै वेळ्ळाळर समाजाचे. देवळाच्या आणि जमीनदारांच्या मिरवणुकीत ते उभ्याने, चालत वाजवीत. टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८-१९५६) यांच्यासारख्या अलौकिक वादकाला व्यासपीठावर बसून वाजवण्याचा हक्कसुद्धा आग्रहाने मिळवावा लागला. उत्तरेत बिस्मिल्ला खाँ यांनी सनई नौबतखान्यातून मैफलीत आणली. स्वातंत्र्याच्या प्रसंगी दिल्लीत यांची सनई वाजली आणि त्यांचे नागस्वरमही वाजले. बिस्मिल्ला खाँना २००१ मध्ये भारतरत्न मिळाले. पण वादकाचा सन्मान झाला म्हणून त्याच्या जातीतल्या शेकडो वाजंत्र्यांची स्थिती बदलली असे झाले नाही. आणि परई? ज्या वाद्यावरून एका जातीला नाव पडले आणि ज्या जातीच्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृताला शब्द मिळाला, त्या वाद्याला मैफलीचे दार कधी उघडलेच नाही. मृदंगाची पाने तयार करणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांचा इतिहास टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये पुस्तकरूपाने लिहिला. तो प्रकाशित करण्यासाठी चेन्नईच्या एका नामांकित कलासंस्थेने दिलेले सभागृह ऐनवेळी नाकारले. ही गोष्ट जुन्या पेशवाईतली नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात सनई गुरवाकडे, न्हाव्याकडे, होलाराकडे, मांगाकडे, अशी प्रदेशाप्रदेशांत वेगवेगळ्या हातांत आहे. हलगी, डफडे मांग-महारांकडे. माझा आजा सनई वाजवी. गाल फुगवून त्यात वारा साठवायचा आणि नाकाने श्वास घेत असतानाही सूर तुटू द्यायचा नाही, ही विद्या त्याला होती. पहाटे कोणता सूर धरायचा, हळदीला काय वाजवायचे, मुलगी सासरी निघताना काय, हे त्याला ठाऊक होते. त्यांची नावे ठाऊक नव्हती. लग्नात त्याची जागा मांडवाच्या बाहेर, जेवण शेवटची पंगत उठल्यावर. त्याला कोणी उस्ताद म्हटले नाही. माझ्या वडिलांनी सनई हातात धरली नाही. गावकीची कामे सोडा, मुले शिकवा, हा बाबासाहेबांचा आदेश त्यांनी शब्दशः पाळला. ते मजुरीला गेले, मी शाळेत गेलो आणि आज महाविद्यालयात उभा राहून शिकवतो. वडिलांचा तो नकार योग्य होता याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ज्या वाद्यावर आपल्या गुलामीची सनद लिहिलेली आहे ते खाली ठेवणे, हीच त्या पिढीची मुक्ती होती. महार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५९ साल उजाडले. माणसांनी ती मनाने त्याआधीच फेकून दिली होती.

परंतु त्या नकारात दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या होत्या: एक वेठ आणि दुसरी विद्या. वेठ फेकायचीच होती. तिच्याबरोबर विद्याही गेली. पन्नालालनी बासरीला तीव्र मध्यमाचे भोक पाडले त्याच काळात आमच्या गावोगावच्या सनईवाल्यांनीही पत्तीला, नळीला, फुंकीला काय काय केले असेल? ते कोणी विचारले नाही, आणि सांगायला ती माणसेही आता राहिली नाहीत. प्रस्थापितांनी ती विद्या विद्या मानली नाही. आपण ती कलंक मानली. दोन्ही बाजूंनी ती नोंदीबाहेर राहिली.

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते मला म्हणतील, की तुम्ही पुन्हा हलगी हातात देता काय? नाही. कोणाच्याही लग्नात, कोणाच्याही देवापुढे, जातीचे काम म्हणून एक टिपरूसुद्धा पडू नये. पण तामिळनाडूतल्या दलित तरुणांनी गेल्या काही दशकांत परई उचलली ती मर्तिकासाठी नव्हे, मोर्चासाठी आणि रंगमंचासाठी. आपल्या आंबेडकरी जलशांनी डफ-ढोलकी-तुणतुणे हेच केले होते. तमाशातली वाद्ये घेतली आणि त्यांतून मालकाची करमणूक काढून टाकली. वाद्य तेच, धनी बदलला. पन्नालालनी बांबूची लांबी बदलली. जलशांनी वाद्यापुढे बसलेला माणूस बदलला. यांतली दुसरी क्रांती संगीताच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

पन्नालाल घोष यांची थोरवी सांगताना मला त्यांच्यातला दैवी पुरुष नको आहे. मला मुष्टियुद्ध खेळलेला, पोलिसांच्या नजरेतून सुटून शहरात आलेला, मूकपटापुढे अंधारात बसून वाजवणारा आणि 'हे वाद्य हलके आहे' हा निवाडा न मानता त्याची नळी मोजायला बसलेला माणूस हवा आहे. तो आपला वाटावा असा आहे. त्याला जे मिळाले ते आपल्या वादकांना मिळाले नाही, म्हणून त्याचा मत्सर करण्याचे कारण नाही. आपल्या वादकांना ते का मिळाले नाही, याचा जाब मात्र व्यवस्थेकडे मागितला पाहिजे.

आणि जाब मागायला कागद लागतो. प्रत्येक तालुक्यात अजून एखादा म्हातारा सनईवाला, हलगीवाला, संबळ वाजवणारा जिवंत आहे. आपल्या महाविद्यालयांतली मुले सर्वेक्षणाच्या वह्या घेऊन गावे हिंडतात, विहिरी आणि शौचालये मोजतात. त्यांनी या माणसांपुढे जाऊन बसावे. वाद्य कशाचे, कातडे कोणी मढवले, पत्ती कोणत्या पानाची, कोण शिकवले, कोणत्या प्रसंगाला काय वाजे, मोबदला काय मिळे, जेवायला कुठे बसवीत, वाजवणे केव्हा आणि का सोडले, हे सारे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. मी माझ्या वर्गातल्या मुलांपासून सुरुवात करतो आहे. माझ्या आज्याकडून उतरवून घ्यायचे राहिले, कारण तो गेला तेव्हा मला लिहिता येत नव्हते आणि घरात दुसऱ्या कोणालाही येत नव्हते. आता येते.